इंग्रजी कादंबरीचे अध्ययन आणि बीड जिल्हा : एक कालक्रमविचार

मराठी कादंबरी इंग्रजी कथावाङ्मयाच्या अध्ययनातून उदयास आली, असे सामान्यतः मानले जाते. हे मत निराधार नाही. हरि केशवजींनी बन्यनच्या रूपककथेचे भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. हरि नारायण आपटे यांच्या 'मधली स्थिति' या पहिल्या कादंबरीस रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक कादंबरीचा आधार आहे. तथापि ही सर्व उदाहरणे पुणे-मुंबईची, म्हणजे १८५७ मध्ये विद्यापीठ लाभलेल्या इलाख्याची होत. हाच क्रम बीड जिल्ह्यास लावता येईल काय?

बीड निजामाच्या राज्यात होते. तेथे १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच राहिले आणि इंग्रजी हा अनिवार्य विषय ठरला. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी, असा हा त्रिभाषिक प्रवास होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. तोवर 'यमुनापर्यटन' (१८५७) प्रसिद्ध होऊन शतक लोटले होते.

यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पुण्याच्या लेखकाने इंग्रजी कादंबरी आधी वाचली व मराठी कादंबरी मागाहून लिहिली. बीडच्या विद्यार्थ्यास मात्र मराठी कादंबरी सिद्ध रूपातच उपलब्ध होती. त्यामुळे तेथे जो 'प्रभावा'चा प्रश्न, तो येथे तुलनेचा ठरतो.

रिचर्डसनची पामेला (१७४०) पत्रे लिहिते. तिची साक्षरता ही कथेची पूर्वअटच आहे. 'पण लक्षांत कोण घेतो?' मधील यमूही स्वमुखाने कथा सांगते, परंतु तिचे शिक्षण हा कथेतील संघर्षाचाच विषय आहे. प्रभावाचा शोध घेणारा अभ्यासक दोहींतील प्रथमपुरुषी निवेदनाचे साम्य नोंदवून थांबेल. तुलना करणारा या भेदापाशी पोहोचेल.

सारांश, इलाख्याचा कालक्रम मराठवाड्यावर जसाच्या तसा लादल्यास येथील अध्ययन केवळ उशिरा आलेले अनुकरण भासते. वस्तुतः ते निराळ्या क्रमाने घडलेले अध्ययन आहे, आणि त्याचा इतिहास त्याच क्रमाने लिहिला गेला पाहिजे.