आजोबांचे ज्योतिप्रसाद, आजींची आइदेउ

वडिलांची फौजेतली बदली तेजपूरला झाली आणि शेजारचं वृद्ध असमिया जोडपं आमच्यासाठी आजी-आजोबा झालं. असमिया नाटककार आणि चित्रपटकार ज्योतिप्रसाद अगरवालांची गोष्ट त्या घरात दोघं दोन तऱ्हांनी सांगत.

आजोबांच्या गोष्टीत पराक्रम असे. घराणं मूळचं राजस्थानातलं, जन्म १९०३ चा, तामुलबारीच्या चहामळ्यातला. उषा-अनिरुद्धाच्या कथेवरचं ‘शोणितकुंवरी’ हे नाटक ज्योतिप्रसादांनी पोरवयातच लिहिलं. उषेचा बाप बाणासुर याचं शोणितपूर म्हणजे हेच तेजपूर, त्यामुळे आजोबांना त्याचा दुप्पट अभिमान. पुढे एडिंबरोत शिक्षण, बर्लिनचा स्टुडिओ, परतल्यावर स्वातंत्र्य चळवळ आणि तुरुंगवास. मग भोलागुरीच्या मळ्यात ‘चित्रबन’ उभारून काढलेला पहिला असमिया बोलपट, १९३५ चा ‘जयमती’. ध्वनिमुद्रण बिघडलं, तेव्हा बायकापुरुष सगळ्यांचे संवाद त्यांनी एकट्यानं म्हटले, हे सांगताना आजोबाही आवाज बदलून दाखवत. चित्रपटात पैसा बुडाला, तरी माणूस खचला नाही. ४२ साली भूमिगत झाला.

आजी तोवर सुपारी कातरत असत. मग म्हणत, “आता आइदेउचं सांगा.” ते गप्प राहिले, की स्वतःच सांगू लागत.

आहोम राजवटीतल्या जयमतीनं नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला नाही, म्हणून राजानं तिला हाल हाल करून मारलं. तिची भूमिका केली गोलाघाटकडच्या आइदेउ हंदिकनं. पडद्यावर परपुरुषाला नवरा म्हणून हाक मारली, एवढ्यावरून गावानं तिला वाळीत टाकलं. तिचं लग्न कधीच झालं नाही. २००२ साली ती वारली.

“आणि मघाशी तुम्हीच म्हणालात ना, सगळे आवाज त्यांचे? मग पडद्यावर ती हाक मारली कुणी?” असं आजींनी विचारलं, की आजोबांजवळ उत्तर नसे.

१७ जानेवारी १९५१ ला ज्योतिप्रसाद गेले. आसामात तो दिवस ‘शिल्पी दिवस’ म्हणून पाळतात. इंग्रजांशी लढायला त्यांना माणसं मिळाली. नटीला माणूस मानायला गाव तयार झालं नाही. पहिली लढाई पाठ्यपुस्तकात आली. दुसरी मला आजींमुळे कळली, आणि ज्योतिप्रसाद किती पुढचं पाहत होते, हे खरं तर त्या दुसऱ्या लढाईवरूनच उमगलं.