सही आणि पत्र

थोरांची सही आपल्या वहीत असावी, ही हौस जुनीच आहे. गांधीजींनी तिच्यावर नामी तोडगा काढला होता. सही हवी ना? मग हरिजन फंडाला पाच रुपये द्या! लोकांची हौससुद्धा त्यांनी चळवळीच्या कामी लावली. पण वहीतली सही आणि सहीचे पत्र या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि इतिहासाला गरज असते ती पत्राची.

उदाहरण घ्या. 2 मार्च 1930 रोजी साबरमतीहून गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहिले. ते पोचवले रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजाने. मायना 'प्रिय मित्र' असा, आणि आत रोखठोक हिशेब. व्हाइसरॉयचा पगार महिना 21,000 रुपये, म्हणजे रोजचे 700 च्या वर. हिंदी माणसाची सरासरी मिळकत रोज जेमतेम दोन आणे. रुपयाचे सोळा आणे धरून गणित करून बघा. तफावत पाच हजार पटींच्याही वर जाते! उत्तर आले ते चिटणिसाच्या सहीचे, मोजक्या ओळींचे. 12 मार्चला दांडीयात्रा निघाली. आता यातले पहिलेच पत्र कुणी चौकटीत लावून ठेवले आणि उत्तर हरवले, तर अर्धी गोष्ट गेलीच म्हणायची.

तारखेचेही तसेच. पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींचे उपोषण सुरू झाले ते 20 सप्टेंबर 1932 ला. हा ऐन वेळचा हट्ट होता काय? तर नाही. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिल्यास आपण प्राणांतिक उपोषण करू, असे त्यांनी भारतमंत्री सर सॅम्युएल होर यांना 11 मार्चलाच कळवले होते. 18 ऑगस्टला पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांना दुसरे पत्र गेले. उपोषण योग्य की अयोग्य, यावर वाद खुशाल करावा. पण तो करताना या दोन तारखा हाताशी हव्यात.

पारख करणाऱ्याची मात्र इथे परीक्षाच असते. गांधीजी सरकारी पत्रावर 'मो. क. गांधी' लिहीत, तर आश्रमातल्या माणसांना 'बापू'. उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत. 1909 साली बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिताना काही पाने त्यांनी अशीच लिहिली. म्हणजे एकाच माणसाची वळणे दोन! नुसत्या सहीवरून निवाडा करणारा फसायचाच. कागद, मजकूर, तारीख, पत्ता, सगळे जुळवून पाहावे लागते.

हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते भारत सरकारने 1956 साली हाती घेतलेल्या गांधी-वाङ्मयाच्या प्रकाशनात. 1958 साली पहिला खंड निघाला, 1994 साली शंभरावा. 1960 पासून प्रमुख संपादक होते के. स्वामिनाथन. मूळ मांडणी 90 खंडांत 1984 साली पुरी झाली; पण मागाहून मिळालेल्या मजकुरासाठी आणखी सात पुरवणी खंड काढावे लागले. मूळ पत्र, छायाप्रत की दप्तरातली नक्कल, आधार कशाचा, हेही मजकुराखाली नमूद आहे.

आणि ही पत्रे येतात कुठून? पुष्कळदा घराघरांतून. दक्षिण आफ्रिकेतले गांधीजींचे स्नेही हर्मन कॅलनबाख यांच्याकडचा संग्रह 2012 साली लंडनच्या लिलावात निघणार होता. भारत सरकारने सुमारे अकरा लाख डॉलर देऊन तो आधीच घेतला. एकेक पत्र विकले असते, तर तो संग्रह दहा देशांत पांगला असता. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचे, पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. गांधीजींचे अखेरचे पत्रही 2023 मध्ये या मर्यादेत आले.

तेव्हा आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत एखाद्या पुढाऱ्याचे पत्र निघाले, मग तो जिल्ह्यातला कार्यकर्ता का असेना, तर सही कापून वहीत चिकटवू नका. पाकीट टाकू नका, त्यावर टपालाचा शिक्का असतो. पत्रांचा क्रम मोडू नका. आणि जमल्यास एक प्रत जवळच्या दप्तरखान्याला किंवा ग्रंथालयाला द्या. मूळ कागद घरात राहू द्या हवा तर. त्यातला मजकूर मात्र सर्वांचा आहे.