हमीदा बानू : आखाड्यातील कारकीर्द आणि आखाड्यानंतरचे आयुष्य

भारतीय कुस्तीचा इतिहास हा बहुतांशी राजाश्रयाचा आणि विजयांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले खासबाग मैदान, १९१० साली लंडनला जाऊन झिबिस्कोशी झुंजलेला गामा, १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतलेले खाशाबा जाधव ही त्या इतिहासातील ठळक स्थळे होत. मल्लाने मैदान मारले की त्याची नोंद होते. मैदान सुटल्यानंतर त्याच्या गुडघ्यांचे, खांद्यांचे आणि चरितार्थाचे काय झाले, याची नोंद क्वचितच सापडते. खाशाबांच्या वाट्याला आलेली पोलीसखात्यातील दीर्घ उपेक्षा आणि मरणोत्तर मिळालेला अर्जुन पुरस्कार या गोष्टींची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. परंतु ती अपवादात्मक म्हटली पाहिजे. ज्या मल्लाचे मैदानातले असणेच समाजाला मान्य नव्हते, त्याच्या उत्तरायुष्याकडे इतिहासाचे लक्ष जाण्याचा संभव त्याहूनही कमी. अलीगढच्या हमीदा बानू यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

भारतातील पहिल्या व्यावसायिक स्त्री-मल्ल म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूरचा. तेथून त्या अलीगढला आल्या आणि सलाम पैलवान या मल्लाच्या हाताखाली कुस्ती शिकल्या. आपल्याकडील तालमीची कल्पना डोळ्यांपुढे आणली, तर या घटनेचे वेगळेपण ध्यानात येईल. लाल मातीचा हौद, कोनाड्यातील मारुतीची मूर्ती, ब्रह्मचर्याचा दंडक आणि वस्तादाची आज्ञा यांवर उभे असलेले ते जग पूर्णपणे पुरुषांचे होते. उत्तरेकडील आखाड्यांची उपासना वेगळी असली, तरी स्त्रीला तेथेही स्थान नव्हते. सर्कशीत स्त्रीने तारेवर चालावे, वाघसिंहांच्या पिंजऱ्यात शिरावे, हे प्रेक्षकांनी स्वीकारले होते. मातीत उतरून पुरुषाशी हात मिळवणे ही गोष्ट निराळी होती. हमीदाबानूंनी नेमके तेच केले, कारण त्यांच्या तोडीची स्त्री-मल्ल त्या काळी मिळणे कठीण होते.

त्यांचे नाव वर्तमानपत्रांत १९४० च्या दशकात दिसू लागते. १९४४ साली मुंबईत गूंगा पैलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे २०,००० प्रेक्षक जमल्याचे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने नोंदविले आहे. प्रतिस्पर्ध्याने आयत्या वेळी जास्त पैसा आणि तयारीसाठी अधिक अवधी मागितला. कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या जमावाने मैदानाची मोडतोड केली. या एका प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, स्त्रीची कुस्ती पाहण्यासाठी पैसे मोजणारा प्रेक्षक मोठ्या संख्येने होता. दुसरी, हा प्रेक्षक हौसेने येई तसाच तो बिथरतही असे. पुढील दहा वर्षांत हमीदाबानूंना या दोन्हींचा अनुभव वारंवार आला.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि मल्लांचा खुराक पुरवणारा राजाश्रय आटला. कुस्तीगीर आता तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांवर आणि मैदाने भरविणाऱ्या ठेकेदारांवर अवलंबून राहू लागला. जाहिरात ही त्याची गरज बनली. या पार्श्वभूमीवर हमीदाबानूंची ती प्रसिद्ध पैज वाचली पाहिजे. फेब्रुवारी १९५४ मध्ये, वयाच्या तिशीत असताना, त्यांनी जाहीर केले की, जो पुरुष आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण लग्न करू. लोककथांतील पण लावणाऱ्या राजकन्येची आठवण करून देणारी ही घोषणा ठेकेदाराच्या दृष्टीने उत्तम जाहिरात होती, यात शंका नाही. परंतु तिचा आणखी एक उपयोग होता, असे वाटते. पुरुषाशी झुंजणाऱ्या स्त्रीला समाजापुढे काहीतरी कारण द्यावे लागते; विवाह हे समाजाला समजणारे कारण होते. पैजेच्या शब्दांत विवाहाची तयारी होती. पैजेच्या व्यवहारात मात्र प्रत्येक विजयागणिक विवाह पुढे ढकलला जात होता. पण लावणारी स्त्री स्वतःच रिंगणात उतरत होती आणि हरण्याचा तिचा विचार नव्हता.

त्या वर्षी पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक अशा दोन मल्लांना हरवून त्या मे महिन्यात बडोद्यास आल्या. गायकवाडांचे बडोदे म्हणजे जुम्मादादा आणि माणिकराव यांच्या व्यायाममंदिराचे शहर. कुस्तीची पारख असलेला प्रेक्षक तेथे होता. गावात फलक लागले, वाहनांवरून जाहिराती फिरल्या. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय लाभलेल्या छोटे गामा या मल्लाशी त्यांची जोड लागली होती. आपण बाईशी लढणार नाही, असे सांगून त्याने ऐनवेळी माघार घेतली. त्याच्या जागी बाबा पैलवान उभा राहिला. १ मिनिट ३४ सेकंदांत ही कुस्ती निकाली झाली. पराभूत मल्लाने ही आपली शेवटची कुस्ती असल्याचे सांगून टाकले. आपण ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्या आहेत, असा हमीदाबानूंचा तोवरचा दावा होता.

वृत्तपत्रांनी त्यांच्या शरीराविषयी जितके लिहिले, तितके त्यांच्या डावांविषयी लिहिले नाही. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. रोजच्या खुराकात साडेपाच लिटरांहून अधिक दूध, जवळजवळ तीन लिटर सूप, फळांचा रस, एक कोंबडी, किलोभराच्या आसपास मटण आणि बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत, असा तपशील प्रसिद्ध होत असे. पुरुष मल्लाचा खुराक हा आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो. येथे त्याच तपशिलाला नवलाईची झाक आली. त्या खडाखडी कशी करीत, पट काढीत की ढाक लावीत, त्यांची पकड कशी होती, हे मात्र या मजकुरातून कळत नाही. स्त्री-मल्लाच्या इतिहासाची साधने प्रारंभापासूनच अशी एकांगी आहेत.

मराठी मुलखातील त्यांचे अनुभव या संदर्भात विचार करण्याजोगे आहेत. पुण्यात रामचंद्र साळुंके या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली होती. राष्ट्रीय तालीम संघाने हरकत घेतल्यामुळे ती रद्द करावी लागली. कोल्हापुरात एका पंजाबी मल्लाला त्यांनी हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दगडफेक केली. पोलिसांना बोलवावे लागले आणि ती कुस्ती लुटुपुटीची होती, असा बोभाटा झाला. आपल्या कुस्त्यांवर बंदी घातली जाते, अशी तक्रार हमीदाबानूंनी तत्कालीन मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे नेली. बंदी स्त्री म्हणून नसून, ठेकेदार त्यांच्यासमोर नकली प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, असे त्यांना उत्तर मिळाले.

हा आक्षेप बाजूला सारून चालणार नाही. तिकिटाच्या कुस्तीत खेळ आणि तमाशा यांची सरमिसळ त्या काळी सर्रास होत होती आणि ‘नुरा कुस्ती’ हा शब्द मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. क्रीडा-इतिहासकार रणजय सेन यांनी दाखविले आहे की, हमीदाबानूंच्या एका कुस्तीनंतर लंगडा मल्ल आणि आंधळा मल्ल यांची झुंज ठेवण्यात आली होती. अशा कार्यक्रमपत्रिकेतून त्यांच्या सर्व विजयांच्या निर्भेळपणाची ग्वाही कोणी देऊ शकणार नाही. परंतु याच दशकात, याच तिकिटाच्या मैदानांत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या कुस्त्या गाजत होत्या आणि त्यांतही प्रदर्शनाचा भाग होताच. त्या संशयामुळे दारासिंगची कारकीर्द पुसली गेली नाही. १९८३ साली सन्मानाने निवृत्त होऊन, चित्रपटांत नाव मिळवून, २००३ साली ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. हमीदाबानूंपुढील पेच निराळा होता. त्यांनी पुरुषाला खरोखर हरविले असेल, तर ती पुरुषाची नामुष्की. आणि हरविले नसेल, तर ती फसवणूक. दोन्हींपैकी काहीही मानले, तरी त्यांच्या श्रेयासाठी जागा उरत नव्हती.

लोकमानसात मात्र त्यांना स्थान मिळाले होते. कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘दालनवाला’ या उर्दू कथेत हमीदाबानूंच्या कुस्तीचा उल्लेख येतो आणि तो घरातील नोकराच्या तोंडी येतो, हे लक्षणीय आहे. अभिजनांच्या क्रीडासंस्था ज्या मल्लाला दार बंद करीत होत्या, तिची कीर्ती बाजारात, नोकरचाकरांच्या गप्पांत फिरत होती, याचा हा वाङ्मयीन पुरावा होय.

१९५४ सालीच मुंबईत त्यांनी व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-मल्लाला मिनिटभराच्या आत हरविले आणि युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढण्याचा बेत जाहीर केला. त्यानंतर त्यांचे नाव वर्तमानपत्रांतून दिसेनासे होते. कारकीर्द कळसाला पोचत असताना एखादा मल्ल एकाएकी मैदानाबाहेर कसा जातो, या प्रश्नाचे उत्तर तब्बल सत्तर वर्षांनी, २०२४ साली बीबीसीने प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात त्यांच्या नातवाच्या आणि एका जुन्या शेजाऱ्याच्या तोंडून मिळाले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे युरोपला जाण्याचा बेत सलाम पैलवान यांना पसंत नव्हता. हमीदाबानूंना रोखण्यासाठी त्यांनी मारहाण केली. त्यात त्यांचे हात मोडले, पायांनाही जबर इजा झाली. त्यांना उभेही राहवेना. पुढे हाडे सांधली गेली, तरी काठीच्या आधाराशिवाय त्यांना कित्येक वर्षे नीट चालता आले नाही.

ही कौटुंबिक साक्ष आहे आणि तिचा विचार साक्ष म्हणूनच केला पाहिजे. तिच्यातील काही तपशिलांबाबत कुटुंबीयांत मतभेद आहेत. सलाम पैलवान यांच्या कन्येच्या म्हणण्याप्रमाणे त्या दोघांचा विवाह झाला होता. हमीदाबानूंच्या नातवाला ते मान्य नाही. जिच्या विवाहाची पैज देशभर गाजली, तिचा विवाह झाला की नाही, याविषयीच घरात एकवाक्यता नसावी, यावरून प्रसिद्धी आणि माहिती यांतील अंतर कळून येते. मारहाणीची हकीकत मात्र एकाहून अधिक जणांनी सांगितली आहे आणि कारकीर्दीच्या आकस्मिक शेवटाशी ती जुळते.

मल्लाच्या शरीरावरील खुणांना आपल्याकडे एक प्रतिष्ठा आहे. मोडून सुजलेले कान, वाकडी झालेली बोटे, निखळून बसलेला खांदा ही त्याच्या मेहनतीची साक्ष मानली जाते. त्या खुणा त्याने मातीत मिळविलेल्या असतात. हमीदाबानूंना जायबंदी करणारी इजा मातीतली नव्हती. ती घरातली होती आणि ज्याने डाव शिकविले त्याच्याच हातून झालेली होती. वस्तादाची आज्ञा शिष्याने शिरसावंद्य मानावी, हा तालमीचा नियम; स्त्रीने घरातील पुरुषाच्या इच्छेबाहेर जाऊ नये, हा समाजाचा नियम. हे दोन्ही नियम येथे एकाच माणसाच्या हाती एकवटले होते. शेकडो लढतींत कोणाला जे साधले नाही, ते आखाड्याबाहेर, पंच आणि प्रेक्षक नसताना घडले. आणि त्याची नोंद त्या वेळी कोणत्याही वर्तमानपत्रात झाली नाही.

उत्तरायुष्य त्यांनी मुंबईजवळ कल्याण येथे काढले. तेथे त्यांचा दुधाचा व्यवसाय होता. सलाम पैलवान अलीगढला परतले. त्या मागे राहिल्या. एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला होता. दूधविक्री आणि काही इमारतींचे भाडे यांवर चरितार्थ चाले. पैसा संपला की घरी केलेले खाद्यपदार्थ त्या रस्त्याच्या कडेला बसून विकीत. शेवटचे दिवस ओढग्रस्तीचे गेले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. मानधन, निवृत्तिवेतन वा सत्कार यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला येणे शक्य नव्हते; कारण ज्या संस्था ते देतात, त्यांच्या लेखी स्त्रियांची कुस्ती अस्तित्वातच नव्हती.

त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९८७ साली, स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा भरली. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीचा समावेश झाला आणि २०१६ साली रिओत साक्षी मलिक हिने कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून चालू असली, तरी महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत प्रथम झाली ती २०२३ साली. त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर देशातील नामवंत स्त्री-मल्ल कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून धरणे धरून बसल्या होत्या. आरोपांचे स्वरूप आणि काळ वेगळा आहे. तरी स्त्री-मल्लाला खरा धोका प्रतिस्पर्ध्याकडून असतो, की तिच्या कारकीर्दीची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याकडून, हा प्रश्न हमीदाबानूंच्या चरित्रातून जसा उभा राहतो, तसाच तो येथेही उभा राहिला. हमीदाबानूंनी आपली तक्रार मुख्यमंत्र्यांपर्यंत नेली होती, ती मैदानावरील बंदीची. घरातील मारहाणीची तक्रार नेण्यासाठी त्यांच्याजवळ तेव्हा कोणते दार होते?

४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले आणि एका दिवसापुरते त्यांचे नाव सर्वत्र झाले. असे स्मरण स्वागतार्ह असले, तरी त्यात पुन्हा पैज, खुराक आणि दीड मिनिटाची कुस्ती यांचीच उजळणी अधिक झाली. अभ्यासकांपुढचे काम याहून मोठे आहे. पुणे आणि कोल्हापूर येथील तत्कालीन मराठी वृत्तपत्रे, तालीम संघटनांची दप्तरे, मुंबई राज्याच्या सरकारी पत्रव्यवहारातील कागद आणि कल्याणमधील जुन्या रहिवाशांच्या आठवणी या दिशांनी शोध घेतला पाहिजे. आजवरचा बराचसा पुरावा इंग्रजी वर्तमानपत्रांतून पुढे आला आहे; दगडफेक करणारा प्रेक्षक मात्र मराठी होता आणि शेवटची वर्षे ज्या रस्त्याच्या कडेला गेली, तो रस्ताही मराठी मुलखातला होता. या मल्लाचे चरित्र पुरे करण्याची जबाबदारी त्यामुळे मराठी संशोधकांवर अधिक आहे.