अंगठा, अक्षर आणि पासवर्ड

फाइलला पासवर्ड लावायची वेळ आली, कारण सुरुवातीला कॉम्प्युटर कुणा एकट्याचा नव्हता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी सीटीएसएस ही प्रणाली बनवली. यंत्र सामायिक, फाइली ज्याच्या त्याच्या. म्हणून पासवर्ड. १९६२मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. पासवर्ड आला आणि लगेच चोरीलाही गेला.

माझ्या लहानपणी मोरव्यातही घरचा कॉम्प्युटर असाच सामायिक असायचा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'हिडन'वर टिक केली की झाली सुरक्षा. त्याआधीच्या विंडोज ९८मध्ये तर पासवर्डच्या चौकटीत 'कॅन्सल' दाबलं तरी आत जाता यायचं. एक्सपीच्या होम आवृत्तीत फाइल एन्क्रिप्ट करायची सोयच नव्हती. हार्डडिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की सगळं उघडं. वर्ड ९७ने फाइल खरोखर सांकेतिक केली, पण ४० बिटांच्या किल्लीने. म्हणजे साधारण १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, कॉम्प्युटरला चिल्लर.

ऑफिस २००७मध्ये १२८ बिटांची एईएस पद्धत आली, व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आलं आणि सगळं चित्र बदललं. आता पासवर्ड चांगला असेल तर कुलूप फोडण्यात अर्थ उरला नाही. किल्ली फक्त मालकाच्या डोक्यात. मग तपास यंत्रणेला ती मागावी लागते, आणि इथे प्रश्न इंजिनियरच्या हातून वकिलाच्या हातात जातो: माणसाने ती द्यायलाच हवी का?

गंमत म्हणजे या प्रश्नावर भारतात आजही ज्या निकालाचा आधार घेतला जातो, तो सीटीएसएसचं पहिलं प्रात्यक्षिक झालं त्याच वर्षीचा, १९६१चा आहे. 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड'. (निकाल ऑगस्टमध्ये लागला तेव्हा मुंबई राज्य उरलंच नव्हतं, आदल्या वर्षी १ मे रोजी त्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले होते.) खटला खुनाचा. पुराव्यात एक चिठ्ठी होती, आणि ती आरोपीच्याच हातची आहे हे दाखवायला पोलिसांनी त्याच्याकडून अक्षराचे नमुने लिहून घेतले होते. संविधानाचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. मग अक्षराचा नमुना ही साक्ष झाली का?

सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने नाही म्हटलं. बहुमताचा मुद्दा असा: साक्षीदार होणं म्हणजे स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट सांगणं. अंगठ्याचा ठसा किंवा अक्षराचं वळण काही सांगत नाही. ते फक्त जुळवून पाहायला उपयोगी पडतं. शरीरावर आहे ते घेता येईल, मनात आहे ते वदवून घेता येणार नाही.

मला ही रेघ तेव्हाच्या काळासाठी अगदी योग्य वाटते. पण तेव्हा अंगठा ओळख पटवायचा, आज तो कुलूप उघडतो. एकाच फोनमधल्या त्याच फोटोंना दोन किल्ल्या आहेत, एक बोटावर आणि एक डोक्यात. आणि कायद्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू ठरतात.

पासवर्डबद्दल तर न्यायालयांचंच एकमत नाही. मार्च २०२१मध्ये कर्नाटक उच्च न्यायालय म्हणालं की पासवर्ड द्यायला सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. ऑक्टोबर २०२२मध्ये दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयापुढे एका आरोपीच्या कॉम्प्युटरचा आणि त्यातल्या टॅलीचा पासवर्ड मागण्यात आला. त्या न्यायालयाने १९६१च्याच निकालाचा आधार घेत उलट सांगितलं: पासवर्ड मनातला आहे, सक्ती नाही, बोटाचा ठसा मात्र घेता येईल. तपास यंत्रणेने हवं तर तज्ज्ञांकडून कॉम्प्युटर उघडून घ्यावा. यातलं कुठलंच मुंबई उच्च न्यायालयावर, म्हणजे पर्यायाने मोरव्यातल्या माणसावर, बंधनकारक नाही. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहेच. त्याखाली रीतसर आदेश निघाला आणि सांकेतिक मजकूर उलगडायला मदत केली नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद.

मला स्वतःला दिल्लीचा तर्क पटतो, पण अर्धाच. बोट धरून फोनवर टेकवल्याने जर डोक्यातल्या पासवर्डइतकंच सगळं उघडत असेल, तर बोटाला कमी संरक्षण का, याचं उत्तर १९६१च्या निकालात सापडत नाही, सापडणारही कसं?

तोवर एक तांत्रिक बाब ठाऊक असलेली बरी. अँड्रॉइड असो वा आयफोन, बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्यांदा बोट किंवा चेहरा चालत नाही. पिन किंवा पासवर्डच मागतो, कारण आतल्या फाइलींची किल्ली तोवर तयारच झालेली नसते.