चिलखतावर छत्री

डोक्यापासून पायापर्यंत पोलादी चिलखत घातलेले दोन घोडेस्वार, मधे लाकडी कठडा, हातात लांब भाले. इशारा होताच दोघांनी समोरासमोर भरधाव यायचे आणि भाल्याच्या धडकेने दुसऱ्याला खाली पाडायचे. मध्ययुगीन युरोपातील नाइट म्हणवणाऱ्या सरदारांचा हा खेळ. १५५९ साली फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच खेळात मोडलेल्या भाल्याची ढलपी डोळ्यात शिरून जखमी झाला आणि काही दिवसांनी मरण पावला. खेळ म्हटला तरी तो जिवावरचा होता.

मग १८३९ मध्ये, आगगाड्या धावू लागल्यावर, हा खेळ पुन्हा मांडावा असे कुणाला वाटले? स्कॉटलंडमधील एग्लिंटन किल्ल्याचे धनी, तेरावे अर्ल, आर्चिबाल्ड मॉन्टगोमेरी यांना. त्यांचे वय तेव्हा होते २६ वर्षे. निमित्त घडले ते १८३८ सालच्या व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाचे. काटकसरीसाठी सरकारने मेजवानीला आणि चिलखतधारी वीराच्या जुन्या विधीला फाटा दिला. उमराव मंडळी दुखावली. त्यातच वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीने नाइटांच्या गोष्टी घरोघरी नेल्या होत्या.

सॅम्युएल प्रॅट नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याच्या दुकानात पहिली बैठक भरली, तेव्हा सुमारे दीडशे हौशी जमले. खर्च, चिलखताचे वजन आणि सराव यांचा अंदाज आला तशी गळती लागली. अखेर मैदानात उतरले ते १३ जण.

प्रेक्षकांचे मात्र उलट झाले. अर्लनी प्रवेश विनामूल्य ठेवला होता. २८ ऑगस्टला आगगाडीने, बोटीने, घोडागाडीने आणि पायी, सुमारे एक लाख माणसे लोटली. मिरवणूक निघायला तासन् तास उशीर झाला आणि ती मैदानाजवळ येते तोच आभाळ फाटले. मानकऱ्यांच्या सज्जाचे छत गळू लागले. जरतारी वस्त्रे चिखलात माखली. ‘स्पर्धेचे राजे’ म्हणून मिरवणारे लॉर्ड लंडनडेरी नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढलेले. त्यांनीही छत्री उघडली! मेजवानीच्या मंडपात पाणी भरले, नृत्यसमारंभही रद्द झाला. ३० तारखेला ऊन पडले आणि खेळ पुन्हा रंगला. पण वर्तमानपत्रांना आणि व्यंगचित्रकारांना हवा तो विषय आधीच मिळाला होता. अर्लचा खर्च ३० ते ४० हजार पौंडांच्या घरात गेला, असे सांगतात.

पावसाचे हसू येते. मला मात्र त्या उन्हाळ्यातली दुसरी एक घटना अधिक बोलकी वाटते. त्याच जुलैत सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मागणारा, बारा लाखांहून अधिक सह्यांचा चार्टिस्ट अर्ज ब्रिटिश पार्लमेंटने फेटाळला होता. एकीकडे उद्याचा हक्क मागणारे कामकरी लोक, दुसरीकडे कालचा रुबाब परत मागणारे उमराव. एग्लिंटनच्या चिखलात उभी असलेली गर्दी या उमरावांना मुजरा करायला आली नव्हती. ती तमाशा पाहायला आली होती. नाइटाचा दरारा त्याच्या हातातील सत्तेमुळे होता. चिलखत दुकानात विकत मिळते, दरारा मिळत नाही.

तरीही लोक आले, हे विसरून चालणार नाही. सरकारने हिशेबातून वगळलेला थाटमाट त्यांना डोळे भरून पाहायचा होता. आजही युरोपात अनेक किल्ल्यांवर नाइटांच्या झुंजींचे उत्सव भरतात. तिथे कुणी जुनी सत्ता मागत नाही. मुलेबाळे येतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. एग्लिंटनचा किल्ला मात्र विसाव्या शतकात छप्पर गमावून ढासळला. आता त्याचे थोडे अवशेष आणि एक बुरूज उरला आहे. भोवतालच्या जमिनीवर सार्वजनिक उद्यान आहे, आणि तिथेही प्रवेश सर्वांना खुला आहे.