रद्दी कोणती, दप्तर कोणते?

‘पाठकोरा’ हा शब्द मी पहिल्यांदा घरी ऐकला. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. एका बाजूने लिहिलेला, दुसऱ्या बाजूने कोरा असा कागद म्हणजे पाठकोरा. आमची शाळेतली गणिते कॅलेंडरच्या आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर व्हायची. कचेरीतही कच्चा मसुदा पाठकोऱ्यावरच. बाहेरून आलेल्या पाकिटावर चिठ्ठी डकवली की ते पुन्हा टपालात जाई. आज कार्यालयांतून ‘कागद वाचवा’ अशा पाट्या दिसतात, तेव्हा मला ही चिकट माणसे आठवतात.

मात्र वडिलांची एक ताकीद असे : पाठ वापरायची तर आधी पोट वाचा.

या धास्तीला आमच्या शिरूर-दौंड भागात जुने कारण आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, दौंडचा भागही त्यातच. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखते हिसकावून जाळली गेली. निरक्षर कुणब्याला एवढे पक्के कळले होते, की आपली जमीन त्या कागदात अडकली आहे. गंमत अशी, की जाळपोळीनंतर कागद कमी झाले नाहीत, वाढले! १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे खत निबंधकासमोर व्हावे, हिशेब आणि पावती मिळावी असे ठरवले. शेतकऱ्याचे संरक्षणही आता कागदातच आले.

मग कचेऱ्या भरत गेल्या. त्यावर उपाय म्हणून वर्गवारी होती. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’चे तीस वर्षे, ‘ड’चे अवघे एक वर्ष. टेबलावर सहा गठ्ठे, त्यातला एक नष्ट करायच्या कागदांचा. नियम चोख, पण गठ्ठे सोडणार कोण? घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. तिथे १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी ते करून दाखवले. दप्तर लावले, बसण्याची रचना बदलली, आणि ‘लखीना पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेन्डन्सी’ची मोहीम घेतली, तेव्हा सहा गठ्ठ्यांची पुन्हा आठवण झाली.

आणि २०२३ मध्ये उलटेच दृश्य! न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधताना जुनी रुमाले सोडली गेली, मोडी वाचणारे शोधले गेले. कुणी कंटाळून ती रद्दीत घातली असती तर?

वडिलांनी असाच एकदा ‘ड’चा गठ्ठा सोडला. जुन्या परिपत्रकांच्या मध्ये एका विधवेचा वारसनोंदीचा अर्ज निघाला. बाई त्यासाठी कित्येक महिने हेलपाटे घालत होती. वडिलांनी तो वर काढला, त्यावर टिपण लिहून साहेबांच्या पुढे ठेवला. उरलेला गठ्ठा संध्याकाळपर्यंत पान न् पान वाचला आणि मगच फाडायला दिला.