१३५७ सालचं जालना स्टेशन

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १३५७ हे साल आहे. तुम्ही जवळ जाऊन पुन्हा वाचता. छपाईची चूक नाही. महिन्यांची नावं आजूर, दय, बहमन अशी आहेत. मनमाडला गाडीत बसलात तेव्हा १९४८ चा मार्च होता, होळी नुकतीच होऊन गेली होती. दिवस तोच आहे, फक्त निजामाच्या संस्थानाची हद्द ओलांडली आणि साल बदललं. सरकारी कागदावर इथं फसली सन चालतो. टपालाची तिकिटं वेगळी, नाणी वेगळी, कचेरीची भाषा उर्दू, आणि हद्दीवर माल तपासायला करोडगिरीचा नाका.

मागे इंजिन वाफ सोडतंय. मीटरगेजची गाडी, निजाम स्टेट रेल्वेची, आत सिंगरेणीचा कोळसा. स्टेशनाबाहेर जिनिंग-प्रेसिंगच्या गिरण्यांची धुराडी दिसतात. कापसाची तूस नाकात जाते, सरकीचा वास कपड्यांना चिकटतो. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या कापसामुळे रूढ झाली, तो कापूस इथंच वाफेच्या दाबाखाली गाठींत बांधला जातो.

चहाच्या दुकानात तुम्ही रुपया पुढे करता. दुकानदार तो बघतो आणि पटकन तुमच्याच मुठीत परत दाबतो. “पावणं, कलदार आहे का हा? आत ठेवा. हाली शिक्का असंल तर द्या.” संस्थानानं वटहुकूम काढून हिंदुस्थानचं चलन, म्हणजे कलदार, बेकायदा ठरवलं आहे; चालतो तो संस्थानाचा हाली शिक्का. तुमच्या खिशातला रुपया हा इथं गुन्ह्याचा पुरावा आहे.

वाफेवर चालणारी यंत्रं, मोडकळीला आलेलं जग, माणसांच्या मनावर ताबा मिळवू पाहणारी सत्ता आणि तिला नकार देणारी साधी माणसं, अशा कथा आपण दूरच्या ग्रहांवर घडताना वाचतो. मला तुम्हाला इथं आणायचं होतं, कारण ही कथा मनमाड-काचीगुडा लोहमार्गावर खरोखर घडलेली आहे.

संध्याकाळी एका पेढीवर रेडिओ लागतो. हैदराबादचं केंद्र संस्थानाचं आहे, त्यावर संस्थानाला हवं तेच ऐकू येतं. हे दिवस मजलिस या मुस्लिम संघटनेचा अध्यक्ष, लातूरचा वकील कासिम रझवी याच्या भाषणांचे आहेत. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषा तो करतो. पेढीवरची माणसं मान खाली घालून ऐकतात. कुणी हसत नाही, कुणी विरोध करत नाही, कुणी उठूनही जात नाही, कारण उठून जाणंही कुणीतरी बघत असतं. त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून बघा. बंदूक दिसत नाही, तरी प्रत्येकजण स्वतःच्या तोंडावर स्वतःच पहारा ठेवून बसला आहे.

या पहाऱ्याची सुरुवात रझवीच्या कितीतरी आधीची. गश्ती निशाण ५३ या परिपत्रकानं परवानगीशिवाय सभा घेणं बंद केलं होतं. खासगी शाळा, आखाडे, व्याख्यानं, सगळ्यावर नजर. मूल शाळेत जाई ते घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत शिकायला. मजलिसनं त्यावर ‘अनलमलिक’ हा विचार चढवला: प्रत्येक मुसलमान हा स्वतःच राज्यकर्ता. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, दोन वेळची भाकरी नाही, त्या गरीब मुसलमानाला सांगण्यात आलं की तू सत्ताधीश आहेस आणि शेजारचा हिंदू तुझी रयत. माझं ठाम मत आहे की या राजवटीनं सर्वात आधी ताब्यात घेतलं ते या गरीब मुसलमानाचं मन. त्याच्या हाती दिली ती फक्त काठी.

आता पूर्वेकडे जाणारी गाडी धरा. परतूरला उतराल तेव्हा साल १९३७ असेल, महिना जूनचा. आज परतूर जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणीत. मांडवात जाजमं अंथरली आहेत, पाऊस अजून आलेला नाही, लोक उपरण्यानं वारा घेताहेत. महाराष्ट्र परिषदेचं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष गोविंदराव नानल. व्यासपीठावर वकील आहेत, शिक्षक आहेत. खाली बसलेल्यांत गावोगावचे शेतकरी. तुम्हाला काहीतरी स्फोटक ऐकायची अपेक्षा असेल तर निराश व्हाल. बोलणं मवाळ, जपून केलेलं. मुलांना मातृभाषेत शिकवा, सभेला मोकळीक द्या, कारभारात लोकांना जागा द्या. मराठी माणसं स्वतःच्या भाषेत, उघड्यावर, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून आपल्या राज्याबद्दल बोलत आहेत, एवढंच. शेजारचा माणूस दोनदा मागे वळून बघतो आणि मग सरळ होऊन बसतो. त्या सरळ बसण्यासाठी मी तुम्हाला परतूरला आणलं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली, यावरून अशा सभांची धास्ती किती होती ते कळतं.

परतीच्या गाडीनं जालना मागे टाकून औरंगाबादला या. १९३८, हिवाळ्याची सुरुवात. इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम म्हणतात. मनाई होते. मुलं म्हणत राहतात. शिक्षक गोविंदभाई श्रॉफ यांच्याभोवती जमलेली ही पोरं, मिसरूड नुकतं फुटलेली. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत जातं आणि विद्यार्थ्यांची नावं कमी केली जातात. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. तिथं गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी होता, पुढे १९९१ मध्ये देशाचा पंतप्रधान झालेला. पण वसतिगृहाच्या त्या खोलीत उभे राहा आणि बाकीच्यांकडे बघा. शिक्षण सुटलं तर घरी काय सांगायचं याची चिंता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आहे. माफीपत्र लिहून दिलं तर सुटका आहे. बहुतेकांची नावं इतिहासात कुठं नाहीत.

आता पुन्हा १९४८. बदनापूरला उतरा आणि धोपटेश्वरची वाट विचारा.

इथं राहणाऱ्या बाईचं नाव दगडाबाई शेळके. शेतकऱ्याच्या घरची. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाकेनं, संस्थान भारतात आणण्यासाठी पेटलेल्या लढ्यात ती उतरली ती निरोप पोचवून थांबली नाही. पुरुषी वेष केला, घोड्यावर बसली, बंदूक आणि हातबॉम्ब हाताळायला शिकली, रझवीच्या रझाकार दलाशी लढणाऱ्या तरुणांच्या टोळीत वावरली. संसार मागे राहिला. लोक तिला मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात. मला हे बिरुद अपुरं वाटतं. राणीकडे किल्ला होता, फौज होती, राणीचा हुद्दा होता. या बाईला बाईनं काय करावं हे सांगायला सगळं गाव होतं. निजामाच्या हुकमाला नकार देण्याआधी तिला घरच्या उंबऱ्याचा हुकूम मोडावा लागला, आणि रझाकार गेल्यावरही तो दुसरा हुकूम कायम राहणार होता.

रात्री शेतात थांबलात तर आजूबाजूला काय चाललंय ते कळत जाईल. ईशान्येला देऊळगाव राजाच्या बाजूनं वऱ्हाडची हद्द जवळ आहे. संस्थानाच्या सीमेपलीकडे जागोजागी लढ्याचे कॅम्प उभे राहिले आहेत, मनमाडला, चाळीसगावला, उमरखेडला. नाके जाळले जातात. पाटील-पटवारी राजीनामे देतात आणि दप्तरं पेटवतात. शिंदीची झाडं तोडली जातात, कारण शिंदीवरच्या अबकारीतून सरकारचा खजिना भरतो. आणि आकाशातही कुणाची तरी ये-जा सुरू आहे. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांत शस्त्रं भरून रात्रीतून संस्थानात उतरवतो आहे. वर चांदण्यात चोरटी विमानं, खाली नांगरलेल्या रानात घोड्यावरची एक बाई. कुठल्याही कल्पित ग्रहावर याहून विलक्षण रात्र मला माहीत नाही.

याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबादेत, शोएबुल्ला खान ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक चालवतो. तरुण आहे. मुसलमान आहे, आणि हैदराबादनं भारतात यावं असं उर्दूतच लिहितो. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्याला गाठलं जातं. गोळ्या घालतात आणि लिहिणारा हात तोडतात. ज्यांनी हे केलं त्यांना नेमकी कशाची भीती होती ते त्या तोडलेल्या हातावरून उघड होतं. लष्कराशी लढायला त्यांची तयारी होती. स्वतःच्या माणसाच्या लेखणीपुढे त्यांना दुसरा उपाय सापडला नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरतात. १४ तारखेला तुम्ही कुंडलिकेच्या काठावर, कादराबादच्या बाजूला उभे आहात. रणगाड्यांचा आवाज येतो. हैदराबादी सैनिक चिवटपणे प्रतिकार करतात, पण जालना पडतं. १७ तारखेला पुन्हा त्या पेढीवर जा. तोच रेडिओ, भोवती तीच माणसं, आणि यंत्रातून स्वतः निजामाचा आवाज: युद्धबंदी. सहा महिन्यांपूर्वी माना खाली घातलेले लोक आज मोठ्यानं बोलत आहेत. एकाच वेळी सगळे. कुणाचं काही ऐकू येत नाही.

इथं तुम्हाला गाडीत बसवून परत पाठवणं सोपं होतं. पण आणखी काही दिवस थांबा. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड गरीब, निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं संस्थानभर मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांना. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. बोलायचं नाही हा हुकूम निजामाच्या राज्यात चूक होता, तर स्वतंत्र देशातही तो चूकच होता. शोएबुल्ला खानाला हुतात्मा म्हणायचं आणि या माणसांबद्दल गप्प राहायचं, हे मला जमत नाही.

जालना १ मे १९८१ ला स्वतंत्र जिल्हा झाला. शहरात मामा चौक आहे, हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकरांच्या नावाचा. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात, रझाकारांच्या क्रौर्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. मनावरच्या पहाऱ्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही, कारण त्याचे फोटो नाहीत, स्मारकं नाहीत, तो फक्त आठवणीत आहे. १९४८ मध्ये पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पलीकडे आहे. तुमच्या घरात, वाड्यात, गल्लीत असं कुणी असेल, मग ते हिंदू असो की मुसलमान, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ जाऊन बसा. रझाकार कसे होते एवढंच विचारू नका. तेव्हा कोणती गोष्ट घरातसुद्धा मोठ्यानं बोलता येत नव्हती आणि ती पहिल्यांदा कुणी बोलून दाखवली, ते विचारा. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.